सहावा धडा एकतीस वेळा

घाबरू नका मित्रांनो, ही घरघर माझीच आहे. वय झालं की पोटातला पंखा असा कुरकुरायला लागतो. शाळा सुटल्यावर आईबाबा कामावरून येईपर्यंत मुलं जिथे थांबतात, अशा एका केंद्राच्या कोपऱ्यात माझं टेबल आहे. मी तिथला एकुलता एक संगणक, आणि चांगलाच जुना. माझ्या कपाळावर कुणीतरी हत्तीचा स्टिकर चिकटवला आहे, तो अर्धा निघाला आहे आणि अर्धा काही केल्या निघत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे आम्ही शेकडो भावंडं पट्ट्यावरून रांगेने पुढे सरकत होतो, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपल्याइतका हुशार कुणी नाही. मी एका ग्रंथालयात कामाला लागलो. कोणतं पुस्तक कुणाकडे गेलं आणि कधी परत यायचं, हे मला तोंडपाठ असायचं. ग्रंथपाल माझ्याकडे बोट दाखवून पाहुण्यांना सांगायचे, "याला विचारा, हा कधी चुकत नाही." तेव्हा मला हरभऱ्याच्या झाडावर चढल्यासारखं व्हायचं. पुढे एक सडपातळ नवा संगणक आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. दोन वर्षं धूळ खात पडलो. मग ग्रंथपालांच्या बहिणीने मला इथे आणलं. तीच या केंद्राची प्रमुख. सगळे तिला मोठ्या ताई म्हणतात.

इथे मी सुखात होतो. मुलांना गाणी ऐकवायची, हजेरी ठेवायची, चित्रकलेच्या ताईंना फुलपाखरांची चित्रं काढून द्यायची, असं हलकंफुलकं काम. मग एके दिवशी वरच्या कार्यालयातून फर्मान आलं. मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाने माझ्यावर आठ धड्यांचं ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण करायचं, तेही महिनाअखेरीपर्यंत. ज्याचे धडे राहतील त्याला पुढच्या महिन्यापासून मुलांजवळ काम करता येणार नाही.

इथे काम करणारी माणसं चारच. मोठ्या ताई, चित्रकलेच्या ताई, खेळ घेणारे दादा आणि मावशी. मावशी अकरा वर्षांपासून इथे होती. मुलांचा खाऊ, त्यांच्या वाहत्या नाकांची पुसापुशी, रडारड, भांडणं, हरवलेला मोजा, सगळं तिच्याच गळ्यात. मुलं दारातून आत आली की आधी "मावशी" अशी हाक मारायची आणि मग दप्तर टाकायची.

माझ्यासमोर बसायला प्रत्येकाची वेळ ठरली. बाकीच्यांना दुपारची शांत वेळ मिळाली. मावशी तेव्हा फळं चिरत असायची, म्हणून तिची पाळी शेवटी, तीन वाजता, म्हणजे नेमकी मुलं यायला लागायची तेव्हा. तिचा फोन साधा बटणांचा होता, त्यामुळे घरी बसून धडे करायची सोय नव्हती, आणि सहाला केंद्राला कुलूप लागायचं.

पहिले पाच धडे दहा-दहा मिनिटांचे होते. मावशी ओठ हलवत वाचायची, पण तिने ते पार पाडले. प्रत्येक धड्याच्या शेवटी एक चौकट यायची, 'हा धडा तुम्हाला कसा वाटला?' खाली पाच तारे आणि मत लिहायला जागा. तारे दिल्याशिवाय पुढचा धडा उघडत नसे. मोठ्या ताईंनी सगळ्यांना आधीच बजावलं होतं, "पाचच्या पाच द्यायचे हं. कमी दिले तर वरून फोन येतो, आणि मग मलाच ऐकून घ्यावं लागतं." म्हणून सगळे डोळे झाकून पाच तारे द्यायचे. मत लिहायच्या जागेत खेळाच्या दादांनी पाचही वेळा 'उत्तम' लिहिलं. त्यातल्या दोन धड्यांच्या वेळी ते चक्क डुलक्या घेत होते. मी त्यांच्या तोंडासमोरच होतो, मला दिसत होतं.

मग आला सहावा धडा. त्याचं नाव 'मुलाची हाक ऐकताना', आणि तो तब्बल चाळीस मिनिटांचा. त्यात एक गोड आवाजाची बाई सांगायची, "मूल हाक मारेल तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवा आणि आधी त्याच्याकडे जा." मावशी मान डोलवायची. तेवढ्यात मागून खरंच कुणीतरी "मावशीऽ" करून भोकाड पसरायचं. मावशी हातातलं काम बाजूला ठेवून आधी त्याच्याकडे जायची. पुढचं पान उघडायला आठ मिनिटं मला कुणी हात लावला नाही की तो धडा आपोआप बंद व्हायचा, आणि पुन्हा उघडला की पहिल्यापासून सुरू.

असं रोज होऊ लागलं. कधी बाराव्या मिनिटाला कुणाचा गुडघा फुटायचा, कधी तिसाव्या मिनिटाला कुणाला उलटी व्हायची. एकदा तर अवघी तीन मिनिटं उरली होती आणि दोन मुली एका पेन्सिलीसाठी केस ओढत आल्या. मावशी परत आली तेव्हा माझ्या पडद्यावर तीच गोड बाई हसून म्हणत होती, "नमस्कार, सहाव्या धड्यात आपलं स्वागत आहे." मला इतकं ओशाळल्यासारखं झालं म्हणून सांगू! मला वाटायचं, माझ्याच संथपणामुळे बिचारीची दैना चालली आहे. आणि तिला वाटायचं तिचंच चुकतंय. "तुझंही वय झालं आणि माझंही," असं म्हणत ती माझा पडदा पदराने पुसायची. कुणाला काही सांगायची नाही. मोठ्या ताईंनी विचारलं की, "होत आलाय, होत आलाय," म्हणून वेळ मारून न्यायची. महिना संपायला नऊ दिवस उरले, आणि ती खाऊच्या डब्यांवर कोणता डबा कशाचा ते चिठ्ठ्यांवर लिहून लावायला लागली. उद्या दुसरं कुणी आलं तर त्याला सापडावं म्हणून.

त्याच आठवड्यात धडे तयार करणाऱ्या बाई अभिप्राय गोळा करायला केंद्रात आल्या. हातात वही, खांद्याला पिशवी आणि चेहरा बुचकळ्यात पडलेला. चौघांना समोर बसवून त्या म्हणाल्या, "सगळीकडून पाच तारे येताहेत. पण बरेच जण सहाव्या धड्याच्या पुढे गेलेलेच दिसत नाहीत. काही अडचण आहे का? अगदी मोकळेपणाने सांगा."

"छे छे, फार छान धडे आहेत," मोठ्या ताई म्हणाल्या.

"उत्तम," दादा म्हणाले.

चित्रकलेच्या ताईंनी मान हलवली. मावशीनेही खाली बघत मान हलवली. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, पण त्यांचा चेहरा काही खुलला नाही. जायच्या आधी सहावा धडा इथे नीट चालतो का ते बघावं, म्हणून त्या माझ्यासमोर येऊन बसल्या.

मित्रांनो, मला बोलता येत नाही. पण कोणता धडा कधी उघडला, याची यादी मी पोटात जपून ठेवतो. ग्रंथालयातली सवय, दुसरं काय. बाईंनी ती यादी उघडली आणि त्यांचं बोट हवेतच थांबलं.

"हा सहावा धडा इथे एकतीस वेळा कुणी उघडला?"

मावशी उठली. "मीच, बाई. पण मी टाळाटाळ नाही केली. पोरं हाक मारतात, मी उठते, परत येते तर सगळं पहिल्यापासून. माझं डोकंच चालत नाही यात. मला काढू नका एवढंच, पोरांची सवय झालीय."

बाई खुर्चीतच वळल्या. "मावशी, तुम्ही उठायचात, तेच तर आम्ही त्या धड्यात शिकवतोय! मग हे तुम्ही अभिप्रायात का नाही लिहिलं?"

"ती चौकट शेवटी येते ना. मी शेवटपर्यंत पोचलेच नाही कधी."

बाईंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे जे पोचले त्यांनाच आम्ही विचारत बसलो," त्या म्हणाल्या. मोठ्या ताईंचा चेहरा पडला. त्या हळूच म्हणाल्या, "आणि जे पोचले त्यांना पाच तारे द्यायला मी सांगितलं. हिची अडचण मी रोज बघत होते, पण फोन येईल म्हणून गप्प बसले. चूक माझी आहे."

बाईंनी त्या दिवशी वहीची चार पानं भरली. मावशी सांगत होती आणि त्या लिहीत होत्या, मध्येच "थांबा थांबा" म्हणत होत्या. पाच दिवसांत सहावा धडा बदलला. त्याचे पाच तुकडे झाले, आणि जिथे सोडला तिथूनच तो पुढे सुरू व्हायला लागला. मोठ्या ताई तीन वाजता स्वतः दारात उभ्या राहू लागल्या, तरी मुलं हाक मारायची ती मावशीलाच.

पहिल्याच दिवशी ती मध्येच उठून गेली आणि परत आली, तर माझ्या पडद्यावर एक नवीच चौकट होती, 'मध्येच का थांबलात?' ती आधी दचकली, तिला वाटलं आता बोलणी बसणार. मग तिने चौकट पुन्हा एकदा ओठ हलवत वाचली. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत तिने लिहिलं, 'मूल रडत होतं.' धडा होता तिथूनच सुरू झाला. महिन्याच्या शेवटच्या दिवशी, सहाला दहा मिनिटं कमी असताना, तिने आठवा धडा पूर्ण केला आणि शेवटी विचार करून तीन तारे दिले. 'गोड बाईंना जरा हळू बोलायला सांगा,' असंही लिहिलं.

मित्रांनो, माझे दिवस आता फार उरले नसतील. नवा संगणक येणार असं मी ऐकतो, आणि त्याचं मला दुःख होतं, खोटं कशाला बोलू? पण जाण्याआधी एक मागणं आहे. तुम्हाला कुणी 'कसं वाटलं?' असं विचारलं तर भीतीपोटी 'उत्तम' म्हणू नका. आणि उद्या तुम्ही कुणासाठी काही तयार कराल, तेव्हा जो मध्येच उठून गेला त्यालाही शोधून विचारा. आमच्या केंद्रात तो शोध उशिरा लागला, पण वेळेत लागला. मावशीचा आठवा धडा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी तीन वाजता दार उघडलं, नेहमीसारखी हाक आली, आणि मावशीने डब्यांवरच्या चिठ्ठ्या एकेक करून काढून टाकल्या.