चाळिसाव्या दिवसापर्यंत

हज्जा रतीबा सकाळपासून चुलीपाशी बसून बाळंतिणीसाठी मोगात या ताकदीच्या मुळीची पूड तुपात परतत होती. आज नातीचा सातवा दिवस. अंगणात अर्धी आळी जमली होती.

आत सून साबरीन बाळाकडे टक लावून बसली होती. बाळ अशक्त, डोकं लहान, म्हणून बाळंतपण झालं त्या नदीपलीकडच्या दवाखान्यात डॉक्टर नर्मीननी मेंदूची सोनोग्राफी केली होती. तीत पांढरे ठिपके दिसले. "पोटात असतानाच जंतुसंसर्ग झाला असावा. लघवी तपासू. तीन आठवड्यांच्या आत कळायला हवं, तरच औषधाचा काही उपयोग," त्या म्हणाल्या होत्या. 'पोटातला संसर्ग' एवढं कानावर पडलं आणि हज्जाने नमुना घेऊ न देता त्याच दुपारी मायलेकींना घरी आणलं. सुनेची कूस नासकी असा बोभाटा झाला, तर घरातल्या उपवर लेकीला, रिदाला, मागणी कोण घालणार?

बायकांनी बाळाला चाळणीत ठेवलं आणि रीतीप्रमाणे कानाशी पितळी खलबत्ता ठणाठणा वाजवला. "आईचं ऐक गं, बापाचं ऐकू नको!" सगळ्या खिदळल्या. बाळाची पापणीही हलली नाही.

"बघा, वाघीण आहे माझी नात! घाबरली का?" हज्जाने सगळ्यांना पुन्हा वाजवून दाखवलं.

बायका पांगल्यावर साबरीन म्हणाली, "अम्मा, हिला ऐकू येत नाहीये. उद्याच्या उद्या नेऊ या."

"जीभ झडो तुझी! एकदा घरी आल्यावर चाळीस दिवसांच्या आत पुन्हा नदी ओलांडलीस तर दूध आटेल, कूस बंद होईल. मग नातू काय तुझ्या माहेराहून आणू?"

"मी घरीच राहते. रिफअत नेईल."

"कोवळं पोर पाण्यावरून? नजरेला आयतंच खाद्य!"

साबरीनचा नवरा रिफअत अंगठ्याने जमीन उकरत म्हणाला, "अम्मा कधी वाईट चिंतेल का आपलं?"

नव्हतीच चिंतत. हीच तर गोम आहे. दुष्टाशी माणूस भांडतं तरी. मायेने दार अडवून बसलेल्या म्हातारीशी कोण भांडणार? साबरीन रोज विनवायची, रोज रडायची, आणि हज्जा रोज तिला तूप पाजायची.

चाळिसावा दिवस उलटला तशी हज्जाच मोठ्या हौसेने सुनेला आणि नातीला नावेत बसवून पलीकडे घेऊन गेली.

डॉक्टर नर्मीननी दोन्ही कान तपासले आणि खुर्चीत मागे टेकल्या. "ऐकू येत नाही. आता जंतू सापडले तरी ते जन्माआधीचे की नंतरचे, सांगता येणार नाही. औषधाची वेळ पहिल्या महिन्यातच होती. तेव्हाही खात्री नव्हती, पण आशा होती."

"मग आता दुप्पट द्या की!" हज्जा म्हणाली. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. म्हातारी तिथेच खाली बसली आणि ढसाढसा रडली.

पण परतीच्या नावेत चढताना ती सुनेच्या कानाशी कुजबुजली, "कुणाला बोलू नकोस हं. रिदाचं व्हायचंय."

समोर एक गरोदर बाई बसली होती. तिने बाळाला चुटक्या वाजवल्या. "गाढ झोपलीय वाटतं?"

"हो, झोपलीय," हज्जा म्हणाली.

"झोपली नाहीये," साबरीन म्हणाली. "तिला ऐकू येत नाही. वेळेवर तपासलं नाही आम्ही. तुझ्या बाळाला डॉक्टरांनी बोलावलं, तर चाळीस दिवस थांबू नकोस."

त्या बाईने पोटावर शाल ओढली, तोंडातल्या तोंडात दुवा पुटपुटली आणि उठून नावेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.