आईसाहेबांच्या जागी

"पाय बघा हो हिचे! आईसाहेबांचे पाय असे असतात का?" प्रणव नाकावरचा रुमाल न काढताच बोलला. "भेगा बुजवा त्या. आणि हा मासळीचा वास कुठून येतोय?"

गोदूबाई तिरडीवर आडवी होती. शेजारच्या कारखान्याचा आंबूस धूर सकाळपासून शेडमध्ये शिरत होता. त्याचा वास या शहाण्यांना येत नव्हता. तिने दोनदा साबणाने घासलेल्या हातांचा मात्र येत होता.

मुंबईत आठ वर्षं चाललेली ही मालिका गेल्याच महिन्यात बोईसरला आली. बंद पडलेल्या धाग्याच्या कारखान्याची शेड स्वस्तात मिळाली, म्हणून अख्खा बंगला करवतीने कापून, टेंपोत घालून आणला. जिना आला, देव्हारा आला, दारातली प्लास्टिकची तुळस आली. आली नाही ती एकटी थोरली आईसाहेब. "रोज बोईसर? त्यापेक्षा मला मारून टाका," असं ती नटी फोनवर म्हणाली म्हणे. यांनी लगेच मारून टाकली. आता अंत्ययात्रेला देह हवा होता. चेहऱ्यावर शेवंतीच्या माळा. दिसणार फक्त कपाळ, हात आणि पाय.

देह आणायचं काम मॅनेजर प्रणवने कपडेपटातल्या जागृतीवर ढकललं. जागृती म्हणजे गोदूबाईची सून. "दुपारच्या आत बाई आण, नाहीतर उद्यापासून तुझ्या जुन्या कंपनीत जा," म्हणाला. त्या कंपनीत पावडरीच्या गोण्या भरताना जागृतीच्या बोटांची सालं निघायची. इथे साड्यांना इस्त्री करता करता बोटं नुकती कुठे भरून आली होती. पण त्यांच्या नवापूर गावात तिरडीवर निजायला कोण तयार होणार? रडायला वाटेल तितक्या बायका मिळाल्या, मरायला एकही नाही. शेवटी सासूच उठली. "सोंग कराया मरावं थोडंच लागतं? चल."

हिरवी साडी नेसवून बांगड्या भरताना सुनेने सासूच्या कपाळाकडे बघायचं टाळलं. चौदा वर्षांपूर्वी नवरा, दादू, दर्यात बुडाला, तेव्हापासून गोदूबाईच्या कपाळाला कुंकवाचं बोट लागलं नव्हतं. रंगभूषावाल्याने लावलं, गुटखा चघळत, दुसऱ्या हातातल्या फोनवरची नजर न काढता, रुपयाएवढं.

"ॲक्शन!"

सवाष्णींनी मृत आईसाहेबांची ओटी भरायची होती. रांगेत पहिली सुगंधा, गोदूबाईच्या शेजारच्या घरातली. ओंजळीत तांदूळ घेऊन ती तिरडीपाशी आली, वाकली आणि तशीच थांबली.

"कट! काय झालं?"

"ही अहेव नाय, सायेब," सुगंधा पुटपुटली.

"म्हणजे?"

"हिचा नवरा नाय. हिची ओटी कशी भरू?"

"अहो बाई, पण ती मेलीय!" दिग्दर्शक किंचाळला. "मेलेलीला नवरा असला काय, नसला काय!"

"आमच्यात नाय चालत." मागच्या चौघींनीही हात पदराखाली घेतले.

"जागृती!" प्रणव ओरडला. "ही कसली जंगली माणसं भरलीस? पिशवी उचल तुझी."

फुलांच्या ढिगाखाली गोदूबाईला सगळं ऐकू येत होतं. एकेकाळी हळदीच्या रात्री याच सुगंधाच्या गळ्यात गळा घालून ती गायची:

अहेव मरणाची वाट फुलांची ग बाई,
हातभर चुडा, मागं पाहायचं नाही.

फुलं हलली.

"सुगंधे, माज्या दारातले सुके बोंबील फुकटात नेताना तुजा हात कदी थांबला नाय गो."

प्रेत बोलल्यावर लाइटवाले फिसकन हसले.

"गोदू, तसं नाय..."

"तसंच हाय. तुज्या पोरीच्या हळदीला मांडवामागं बसून मी मसाला कुटला. मांडवात ये म्हनालीस? आता भर. खोटी तर खोटी. हितं खरं काय हाय? तो पोरगा तरी खरा हाय का, आयेच्या नावानं ग्लिसरीन घालून बसलाय तो?"

हीरोने हातातली बाटली खिशात घातली.

"भर गो," आता आवाज खाली आला. "माज्या सुनेचं काम जातंय."

दिग्दर्शकाने घाईघाईने कॅमेरावाल्याला खूण केली. सुगंधाने ओंजळ सोडली. तांदूळ हिरव्या साडीवर सांडले आणि तिला जे रडू फुटलं ते थांबेना. मागच्या चौघीही वाकल्या.

"बघा, याला म्हणतात फील!" दिग्दर्शक टाळ्या पिटत म्हणाला. "ओके. लंच!"

सगळे ताटांकडे पळाले. तिरडीला बांधलेल्या बाईची सुतळी सोडायचं कुणाला सुचलं नाही. जागृतीने सोडली. तिच्या हातात ओला कापूस होता.

"आये, कुंकू पुसू?"

"जेवान आन आदी."

जागृतीने वरण-भात आणला. गोदूबाई तिरडीवरच मांडी घालून बसली, बांगड्या कोपराकडे सारल्या आणि कालवू लागली. ताटं घेऊन परत आलेली माणसं दारातच थबकली. प्रणवही थबकला. कुणी तिला ऊठ म्हणालं नाही. कपाळभर कुंकू लेवून ती सावकाश जेवत राहिली.