असाहेलच्या कबरीवरचा बार

मित्रांनो, मी एक जुनी ठासणीची बंदूक आहे. म्हणजे तिचं जे काही उरलं आहे ते. ओहायोतल्या आमच्या टाउनशिपच्या दफनभूमीत, असाहेल बर्डिकच्या कबरीपाशी, एका चपट्या दगडावर टेकवून गंजकी नळी उभी पुरलेली दिसते ना, तीच मी. दर चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, माझ्या तोंडात झेंडा खोवतात. लोकांना तो माझा मान वाटतो. मला तसं कधीच वाटलं नाही.

कनेक्टिकटमधल्या एका लोहाराने मला घडवलं. दस्ता बसवून झाल्यावर तो बायकोला म्हणाला, "ही ओरडेल कमी, चावेल जास्त." त्याचं म्हणणं खरं ठरलं. इंग्रजांच्या राजाविरुद्ध लढाई पेटली आणि एकोणीस वर्षांच्या असाहेलने मला खांद्यावर घेतलं.

मित्रांनो, मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण लपवणार नाही. माझ्या गोळीने एकाचा जबडा उडाला. एकाच्या पोटात माझी संगीन अशी रुतली, की ती उपटायला असाहेलला त्याच्या छातीवर पाय द्यावा लागला. पावसात दारू भिजली की तो मला उलटी धरून दस्त्याने डोकी फोडत असे. संध्याकाळी तो मला ओढ्यात धुवायचा, आणि त्याच हातांनी मक्याची भाकरी खायचा.

शेवटची लढाई एका दलदलीत झाली. त्या सकाळी असाहेलचा धाकटा भाऊ मेला होता. शत्रूचा ढोल वाजवणारा एक पोरगा चिखलात गुडघे टेकून, हात वर करून बसलेला त्याला दिसला. असाहेलने माझा चाप ओढला. ठिणगी पडली, पण बार उडाला नाही. दारू ओली होती. त्याने पुन्हा ओढला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्याची नजर पोराच्या तोंडाकडे गेली आणि त्याने मला खाली केलं.

"ऊठ. पळ," तो म्हणाला.

इतक्यात मागून जबेझ टटल धावत आला. जबेझ असाहेलच्याच गावचा, त्याचा जिवलग मित्र. त्याने पोराच्या गळ्यात संगीन खुपसली आणि दात काढून हसला. "अरे, बघत काय बसलास? मी नसतो तर आज गेला असतास की!"

असाहेल मला खांद्यावर टाकून चालू लागला. माझ्या पोटातला तो न उडालेला बार त्याने त्या दिवशी काढला नाही, आणि पुढेही कधी काढला नाही.

लढाई संपली. दोघांना ओहायोत शेजारी शेजारी जमिनी मिळाल्या. मी असाहेलच्या चुलीवर भिंतीला टांगली गेले. पन्नास वर्षं खालून ऊब लागत होती. माझ्या पोटातली ओली दारू केव्हाच खडखडीत वाळली होती, आणि हे एका मलाच ठाऊक होतं. गावातली पोरं विचारायची, "असाहेल आजोबा, किती जणांना मारलंत?" तो उठून गुरांकडे निघून जायचा. जबेझ मात्र गुत्त्यात सायडरचा पेला हातात घेऊन दलदलीची गोष्ट सांगायचा, आणि दर वर्षी त्या पोराची उंची वाढवायचा.

असाहेलची मुलगी हिटी माझी धूळ पुसायला आली की तो खेकसायचा, "तिला हात लावू नकोस. ती झोपलीय." म्हाताऱ्याचा चक्रमपणा, असं हिटी समजायची.

एका ऑक्टोबरात असाहेल गेला. आमच्या गावची रीत अशी, की जुन्या सैनिकाच्या कबरीवर त्याच्याच बंदुकीचा बार त्याच्या सोबत्याने काढायचा. दारू भरण्याआधी नळीत लोखंडी गज टाकून बघायचा; टण्ण वाजला तर बंदूक रिकामी, बद्द वाजला तर भरलेली. हे जबेझनेच गावातल्या पोरांना शिकवलं होतं. पण मेलेल्या सैनिकाची बंदूक कबरीवर तपासत नाहीत. त्याने ती साफ ठेवली नव्हती, असं चारचौघांत म्हटल्यासारखं होतं ते.

हिटी मला पुढे करताना अडखळली. "जबेझकाका, बाबा म्हणायचे, ती झोपलीय."

"मग उठवू या की! तुझा बाप जन्मभर गप्प राहिला, पोरी. आज त्याच्या वतीने असा बार काढतो, की पलीकडच्या गावच्या गायी दूध चोरतील."

गावचा लोहार म्हणाला, "काका, एकदा गज टाकून..."

"गज? असाहेलच्या बंदुकीत?" जबेझचे डोळे भरून आले. "तिथे तो पडलाय, आणि त्याच्या तोंडावर मी त्याची बंदूक तपासू? चल, बाजूला हो!"

मी ओरडू शकत नव्हते, मित्रांनो. त्याने मूठभर दारू ओतली. वर ओलं गवत कोंबलं. गजाने दणादण ठासलं. चाप ओढला.

मी मागच्या बाजूने फाटले. जबेझचा उजवा हात मनगटापासून तुटून उघड्या कबरीत, असाहेलच्या शवपेटीवर पडला. माझा एक तुकडा त्याच्या गळ्यात घुसला. शवपेटी आणलेल्या गाडीच्या बुजलेल्या घोड्याने लाथ मारून कुंपण मोडलं. हिटीने आपल्या शालीने जबेझचा गळा दाबून धरला, पण रक्त बोटांमधून वाहतच राहिलं. "भरलेली होती?" एवढंच तो पुटपुटला. "मला बोलला का नाही?"

कुणी म्हणेल, हा न्याय झाला. मी म्हणणार नाही. जबेझ माझ्या मालकावर जीव टाकत होता, आणि तो बार त्याच्यासाठी भरलेला नव्हता.

दोघांना शेजारी पुरलं. हिटीने माझी उरलेली नळी इथे रोवली. माझा गज ती घरी घेऊन गेली.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादं गप्प म्हातारं माणूस असेल, तर किती मारले असं त्याला विचारू नका. त्याच्यापाशी नुसते बसा. आत काय राहिलंय ते आपणहून कळू द्या.

आता हिटीही म्हातारी झाली आहे. चार जुलैला झेंड्याबरोबर ती तो गज घेऊन येते. लोक खोळंबतात, वाजंत्रीवाले कुरकुरतात. ती कुणाकडे बघत नाही. आधी गज माझ्या पोटात सोडते, कान लावते. टण्ण. मग झेंडा खोवते.