डाव्या हाताचा निरोप

गुरुजींनी उजवा हात पुढे केला.

कादियाताचा डावा हात हवेत तसाच राहिला. सकाळपासून तो हात सगळं पोदोर गाव फिरून आला होता. विहिरीवरच्या बायकांच्या ओल्या पंजांतून, कोळणींच्या खवल्याखवल्यांच्या बोटांतून, शेजारच्या आंधळ्या आजीच्या दोन्ही तळव्यांतून. ज्यानं त्यानं डावाच पुढे केला होता आणि तिनंही डाव्यानंच तो धरला होता. लांबच्या वाटेला निघालेल्याचा निरोप असाच घ्यायचा. एरवी डाव्या हातानं कुणी कुणाला मिठाची चिमूट देत नाही. दिली तर भांडण. म्हणून तर निघताना डावा. जाणाऱ्याचा एवढा अपमान करून ठेवायचा, की तो उजवा करून घ्यायला त्याला परत यावंच लागेल.

आणि गुरुजींचा उजवा हात समोर होता. वाळलेला, शाईनं नखं काळी झालेला, आणि अगदी स्थिर.

तिनं आपला हात बदलला.

"नीट जा," गुरुजी म्हणाले.

कडुनिंबाखाली चटईवर पोरं मांडीवर पाट्या घेऊन डुलत होती. त्यांचा आवाज वर चढत होता, खाली येत होता. गुरुजींची बायको, हाबी आजी, चुलीपाशी पाठ करून बसली होती. चहा कधीच उतू गेला होता आणि ती किटलीकडेच पाहत होती.

"गुरुजी, मी..."

"गाडी भरत आली असेल. नीट जा."

चेर्नो हामादी नात्यानं तिचे आजोबा, आईचे सख्खे काका. पण गाव त्यांना गुरुजी म्हणे, म्हणून तीही गुरुजीच म्हणे. लहानपणी याच चटईवर त्यांनी तिच्या मुठीत बोरू दिला होता. तिला तो धरता येईना, तेव्हा एकेक बोट दुमडून त्यांनी तिची मूठ मिटवली होती आणि लाकडी पाटीवर पहिलं अरबी अक्षर ओढून घेतलं होतं. ती मूठ उघडली ती थेट सेंट लुईच्या विद्यापीठात. आता तिथून ट्यूनिसला. अरबी पक्की करायची, मग इटालियन. दुभाषी व्हायचं. तीन वर्षं.

ती आईबरोबर रस्त्याला लागली. आई पुढे चालत होती, डोक्यावर तिची बॅग.

"आई, त्यांनी उजवा दिला."

आईनं डोक्यावरची बॅग सारखी केली. ती सारखीच होती.

"पाहिलंस ना तू?"

"माझं लक्ष नव्हतं."

"मी परत येऊ नये असं वाटतं का त्यांना?"

"मला काही विचारू नकोस, कादी. त्यांचं ते जाणोत."

गाडीतळावर लांबुडकी जुनी गाडी दारं उघडी टाकून उभी होती. सात माणसं झाल्याशिवाय ती हलत नाही, आणि सातवं माणूस अजून यायचं होतं. ड्रायव्हर लातीर टपावर चढून बोकडाचे पाय बांधत होता. बोकडही डाकारला निघाला होता. लातीर जातीचा सेरेर, कादियाताचं घर गुराखी पुलारांचं, आणि सेरेर-पुलार म्हणजे थट्टेचं नातं. वाट्टेल ते बोलावं, रागवायला बंदी.

"आली का गुराख्याची पोर!" तो वरूनच ओरडला. "गाई कुणाच्या भरवशावर टाकून निघालीस गं?"

"तुझ्या नाही," आई म्हणाली. "सेरेर माणसाला गाय राखायला दिली, तर संध्याकाळी नुसतं शेपूट परत येतं."

"शेपूट तरी आणतो की! तुम्ही तर दूधसुद्धा पाणी घालून विकता. आणि ही म्हणे विमानानं जाणार. पोरी, विमानाला वेसण नसते हं!"

गाडीत बसलेले हसले. कादियाता हसली नाही. लातीरनं ते पाहिलं आणि बोकडाकडे वळला.

ती खिडकीशी बसली. आई बाहेरून खिडकीच्या कडेवर कोपर टेकून उभी राहिली. जरा वेळानं तिनं लेकीचा डावा हात आपल्या हातात घेतला, आणि बाळ जोजवताना गुणगुणायची तसं नदीवरचं जुनं गाणं गुणगुणू लागली:

*नदी गं माझे बाई, तुझं पाणी पुढं पुढं,*
*ढग होऊन फिर मागं माझ्या आभाळाकडं.*

कादियाताचं लक्ष गाण्यात नव्हतं. ती मागे मागे जात होती, हरवलेली सुई शोधावी तशी. काय चुकलं? परवा सेंट लुईहून आली तेव्हा ती गुरुजींना सगळं सांगून बसली होती. ट्यूनिसची शाळा, इटालियन, सगळं. ते ऐकून म्हणाले होते, "पाच भाषांत बोलशील. रडशील कोणत्या?" ती हसली होती. तो टोमणा होता का? की सालेकच्या दुकानाची बातमी त्यांना लागली होती?

सालेक नदीपलीकडचा, मॉरिटानियाचा. चौकात त्याचं किराणा दुकान. गुरुजींच्या पाटीवरची अरबी तिला पानंच्या पानं पाठ होती, पण त्या अरबीत पाणी कसं मागायचं ते तिला येत नव्हतं. गुरुजींनाही येत नसावं. ते कधी पोदोरच्या बाहेर गेले नव्हते. म्हणून सुट्टीत आली की ती सालेककडे साखर घ्यायला जाई आणि साखर घरात असली तरी जाई. पहिल्या दिवशी तिनं पाटीवरच्या अरबीत तोंड उघडलं, तर सालेकनं तराजू खाली ठेवला होता.

"पोरी, असं नको बोलूस! मला वाटलं मी मेलो, आणि देवदूत कबरीत हिशेब विचारायला आलेत."

गुरुजींना ती हे सांगायला विसरली नव्हती. सांगायला धजली नव्हती. पण परवा, बोलणं संपता संपता, त्यांनीच विचारलं होतं, हळूच, पोरांना ऐकू जाणार नाही असं:

"कादी, तिकडं लोक अरबीत भांडतात का गं?"

"भांडतात की, गुरुजी. मासळीच्या भावावरून."

"मासळीच्या भावावरून," ते पुटपुटले होते, आणि बराच वेळ स्वतःशीच मान हलवत राहिले होते. यात राग होता का? आता तिला काहीच सांगता येईना. परवाचा तो चेहरा आठवावा तर आजचा उजवा हात मध्ये येई.

"सालेकभाऊ आला बघ," आई म्हणाली.

सालेक आकाशी रंगाचा घेरदार झगा फडफडवत येत होता. त्यानं खिडकीतून खजुराची पुडी आत टाकली आणि अरबीत विचारलं, "तब्येत? घरचे? थकवा? उन्हाळा?"

तिनं एकेकाचं उत्तर दिलं, न अडखळता.

"शाबास. आता तू बाजारात फसवली जाण्याइतकी अरबी बोलतेस." मग आईसाठी तो पुलार भाषेवर आला. "विमानतळावर मात्र पुस्तकासारखी बोलू नकोस. घाबरून शिक्का मारायचे नाहीत."

वाऱ्यानं झगा पुढे आला. सालेकनं उजवी बाही गोळा करून खांद्यावर टाकली. मग डावी. ती घसरली, बोलता बोलता त्यानं ती पुन्हा टाकली. या झग्यांचं तसंच असतं. पुरुष दिवसभर बाह्या खांद्यावर टाकत राहतात, पापणी मिटावी इतक्या सहज. मग त्यानं डावा हात आत घातला.

"चल. अपमान करून घे."

तिनं हात दिला नाही. ती त्याच्या खांद्याकडे पाहत होती.

गुरुजींचा झगाही असाच घेरदार, आणि त्याची उजवी बाही खांद्यावर होती. डावी खाली सोडलेली होती, गुडघ्यापर्यंत, बोटांवरून. आजही. परवाही. परवा चहाचा पेला हाबी आजीनं त्यांच्या उजव्या हातात दिला होता. तो रिकामा होईपर्यंत थांबली होती, आणि मगच खजूर दिला होता. एका वेळी एकच वस्तू. आणि पाट्या! गुरुजी पोराची पाटी डाव्या हातात धरून तपासायचे, उन्हाकडे तिरपी करून. परवा पाट्या मातीवर ठेवल्या होत्या आणि ते वाकून वाचत होते. जेवताना कळायचं कारण नव्हतं. जेवताना डाव्या हाताचं काम कुणालाच नसतं.

"आई," ती म्हणाली. "पावसाळ्यात गुरुजींना ताप आला होता, असं तू फोनवर म्हणालीस."

आईनं खिडकीवरचं कोपर काढून घेतलं.

"नुसता ताप होता?"

आईनं ओढणीचं टोक तोंडाला लावलं. "त्यांनी शपथ घातली होती. पोरगी जाईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही म्हणून. कळलं असतं तर तू राहिली असतीस."

कादियातानं गाडीचं दार उघडलं.

"अगं ए!" लातीर टपावरून ओरडला. "सातवा आला बघ! गाडी सुटली आता!"

"बोकडाला माझ्या जागी बसव!"

"त्यानं निम्मंच भाडं दिलंय!"

ती धावत नव्हती. मोठ्या माणसाच्या दारात धावत जायचं नसतं. पण ती चालतही नव्हती. कडुनिंबाखाली पोरांनी मान वर केली आणि पाठ मध्येच तुटला. गुरुजींनी तो तुटला म्हणून नजर उचलली, आणि ती दिसली.

"काय राहिलं?"

ती चटईच्या कडेला चपला काढून त्यांच्यासमोर बसली. "हात राहिला, गुरुजी."

चुलीपाशी हाबी आजी उभी राहिली.

कादियातानं ती खाली सोडलेली डावी बाही एका बाजूला केली. हात मांडीवर पडला होता, तळवा वर, कुणी ठेवून विसरल्यासारखा. तो उजव्याहून गोरा आणि मऊ झाला होता. त्याच्या नखांत शाई नव्हती.

गुरुजींनी तो ओढून घेतला नाही. त्यांना तो ओढता येत नव्हता.

"उगीच आलीस," ते म्हणाले. शब्द नेहमीपेक्षा जरा ओले होते. आज पहिल्यांदाच तिला ते ऐकू आलं. "हा हात आता कुणाचा अपमान करण्याच्याही लायकीचा राहिला नाही, कादी. तो देऊन काय करू? खोटा निरोप होईल."

तिनं आपला डावा हात त्या तळव्यात ठेवला. मग उजव्या हातानं त्यांची बोटं एकेक करून दुमडली. अंगठा शेवटी. मूठ मिटली, आणि ती सुटू नये म्हणून तिनं ती वरून धरून ठेवली. आपण राहावं की जावं, हे तिला त्या क्षणी कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. सूर्य फांदीआडून सरकला आणि दोघांच्या हातांवर आला. दुरून हॉर्न वाजला, लांबलचक, सेरेर माणसाचा.

"झाला," ती म्हणाली.

"काय झाला?"

"अपमान. माझा. सगळ्या पोरांदेखत." तिचा आवाज चिरला, तो तिनं तसाच पुढे नेला. "हा मी विसरणार नाही, गुरुजी. परत येऊन जाब विचारणार."

गुरुजी तिच्याकडे पाहत राहिले. ओठांची एक कड वर गेली. दुसरी जागीच राहिली.

"कोणत्या भाषेत?"

"अरबीत. मासळीवाल्यांसारखा."

हाबी आजीनं किटली उचलली, पुन्हा ठेवली. हॉर्न पुन्हा वाजला. कादियातानं मिटलेली मूठ जपून मांडीवर ठेवली, बाही पूर्वीसारखी त्यावर सोडली, चपला पायात घातल्या, आणि वळून न पाहता रस्त्याला लागली. निघालेल्यानं वळून पाहायचं नसतं.

पण वळणावर तिनं पाहिलं. पोरांचा पाठ पुन्हा सुरू झाला होता. गुरुजींनी उजवा हात डाव्या बाजूला नेला, खाली सोडलेली बाही गोळा केली आणि सगळ्यांसमोर ती खांद्यावर टाकली.