साहेबांचं तोंड आणि स्टुडिओतला झाडू

साहेबांना कॅमेरा अगदी नाकाला चिकटलेला लागायचा. साहेब म्हणजे आमच्या स्टुडिओतले हिरो, आणि मी तिथे बायकांचे केस बांधायची. घोडा पळाला, यांचा क्लोजअप. घर जळालं, यांचाच क्लोजअप. पडद्यावर ते तोंड एवढं अवाढव्य व्हायचं, की यांनी ग्लिसरीनची खोटी आसवं गाळायला घेतली की पुढच्या रांगेतली माणसं पाय वर घेऊन बसायची. खोटं सांगत असेन तर माझा अंबाडा सुटो.

दिग्दर्शक मला समजावायचा, "बाई, कॅमेरा जवळ नेला की माणसाच्या मनातलं दिसतं. त्यासाठीच असतो क्लोजअप."

"आणि मनात काहीच नसलं तर?"

"तर नाक दिसतं," तो इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला. त्याची हिंमत तेवढीच.

माझी धाकटी नणंद दर सिनेमात साहेबांची बहीण व्हायची. मागे पाण्याचा पेला धरून उभी. त्या खेपेला मात्र तिला आयुष्यातला पहिला क्लोजअप मिळाला. भाऊ घर सोडून चाललाय आणि ही दारातून बघते. आठवडाभर आरसा सोडला नाही पोरीनं.

साहेबांनी आपलं रडणं आधी उरकून घेतलं. ही बिचारी कॅमेऱ्याशेजारी उभी राहून त्यांना वाक्यं देत होती. हिची पाळी आली, तसे हे जांभई देत उठले.

"हिच्या तोंडासाठी मी ताटकळू? ठेवा काहीतरी समोर." आणि गेले झोपायला.

दिग्दर्शकानं झाडू उभा केला, वर साहेबांची टोपी घातली. "हा तुझा भाऊ. बघ त्याच्याकडे."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. "वहिनी, झाडूकडे बघून रडू कशी मी?"

"वन्सं, नीट बघा तरी. तीच अंगकाठी, तीच अक्कल. शिवाय हा तुमच्यासाठी उभा राहिलाय."

तिचे ओठ हसले आणि डोळे भरून आले. कॅमेरा चालूच होता.

पहिल्या खेळाला तो चेहरा पडद्यावर आला आणि थिएटर चिडीचूप. पाठोपाठ साहेबांचं तोंड आलं, तर सगळ्यांना खोकला. साहेब असे भडकले की तिचा क्लोजअप कापूनच टाकायला लावला. मग पडद्यावर हे एकटेच रडायला लागले. लोकांना कळेना कशासाठी. पोट दुखत असेल म्हणून एकानं डॉक्टरला बोलावणं धाडलं, आणि डॉक्टर बॅग घेऊन आलाही! शेवटी थिएटरवाल्यानंच दम भरला आणि तिचा चेहरा परत जोडून घेतला.

पुढच्या सिनेमात साहेब शहाणे झाले. हिच्या क्लोजअपला स्वतः कॅमेऱ्याशेजारी छाती काढून उभे. झाडू बापडा मागच्या भिंतीला टेकलेला. दिवे लागले. नणंद बघते, बघते, पण चेहऱ्यावर काही येईना.

"काय झालं गं?" दिग्दर्शकानं विचारलं.

"काही नाही," ती अगदी अदबीनं म्हणाली. "साहेब, जरा बाजूला होता का? झाडू दिसत नाहीये."