काळ्या मातीची गव्हाण

माझी बायको दीपश्री इंजिनियर आहे आणि जेवताना गटारांबद्दल बोलते. २००८ साली तिला स्वतःचं पहिलं मोठं काम मिळालं, आमच्या शहराबाहेर बेलूरला श्रीहरीअण्णांचा कारखाना आहे, त्याचं नवं ऑफिस. अण्णांना पर्यावरणपूरक इमारतीचं प्रमाणपत्र हवं होतं. परदेशी गिऱ्हाईक त्यावर भुलतं म्हणे. त्यात एक नियम पावसाचा. मोकळ्या जागेवरून जेवढं पाणी वाहून जायचं, त्याहून जास्त इमारत झाल्यावर जाता कामा नये. उताराला, कंपाउंडच्या खाली, कामगारांची घरं होती. जादा पाणी कुठे शिरणार, हे सांगायला इंजिनियर लागत नव्हता.

एप्रिलमध्ये तिने खड्डा खणून त्यात टँकर ओतला. पाणी बघता बघता गडप. मग छपराचं सगळं पाणी जिरवायला तिने शोषखड्डे आखले, नकाशे मंजूर झाले, घरात पेढे आले. मला ते जरा लवकर वाटले, पण खाल्ले.

जुलै लागताच इकडची कानडी मण्णेत्तिन अमावस्या आली, मातीच्या बैलांची. माझ्या आईला, अंबूताईंना, बाजारचे बैल चालत नाहीत. दीपश्रीने साईटवरूनच पिशवीभर काळी माती आणली. आईने बैलजोडी केली, पुढे गव्हाण केली आणि तिच्या माहेरच्या पद्धतीप्रमाणे गव्हाणीत पाणी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पाणी तसंच. दीपश्री चहा सोडून त्याच्याकडे बघत बसली. उन्हाळ्यात ही जमीन भेगाळते, इतकी की शेळीचा पाय अडकावा. टँकरचं पाणी त्या भेगांत गेलं होतं. भिजली की तीच माती फुगते, भेगा मिटतात, मग ती थेंब आत घेत नाही. दीपश्री बाहेरून आलेली; इथे वाढलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं, म्हणून कुणी तिला सांगितलं नाही. मीही नाही. मला तिचा राग आला आणि कीवही आली.

शोषखड्डे चालणार नाहीत, छपराचं पाणी साठवायला टाकी लागेल, असा तिने फोन केला तसे संध्याकाळी अण्णाच घरी आले. टाकी बांधायची तर गाड्यांची जागा उकरावी लागेल, प्रमाणपत्र लांबेल, असं त्यांनी शांतपणे समजावलं.

"अक्का, कागद पास झालाय नव्हं? आता गप बसा की."

दीपश्रीने गव्हाण उचलून त्यांच्या हातात दिली.

"तुमच्याच साईटची माती आहे, अण्णा. कालपासून पाणी तेवढंच आहे. आणि खाली पहिलं घर शेवंताचं. ती तुमचंच ऑफिस झाडते."

अण्णा गव्हाण धरून बसले. समोर आई सणाच्या पुरणाच्या कडबूंची ताटली घेऊन उभी होती आणि त्यांना हात मोकळा करता येईना.

टाकी झाली. पण ती बांधायला त्यांनी दुसरा इंजिनियर नेमला. चुकणारी बाई त्यांना परवडत नव्हती. प्रमाणपत्र उशिरा आलं, दाराशी पितळी पाटी लागली आणि तिच्यावर त्या दुसऱ्याचं नाव.

मोठा पाऊस ओसरला की दीपश्री अजून स्कूटर काढून बेलूरला जाते. शेवंताचा उंबरा कोरडा आहे का बघते आणि परत येते. पाटीकडे बघत नाही, असं म्हणते. मी तिला टॉवेल देतो.