ताटाच्या कडेचा छर्रा

ओड्रुनच्या घशाखाली सूप सोडून काही उतरत नव्हतं. इस्पितळाने औषधं थांबवून तिला घरी पाठवलं होतं. त्यामुळे तिने आपणहून डोंगरतितर खायला मागितलं, तेव्हा तिचा नवरा हालवर पोरासारखा हरखला. सप्टेंबरातली शिकार खुली झाली होती, आणि बायकोसाठी आयुष्यभर त्याला नीट करता आलं ते हे एवढंच.

अडचण छऱ्यांची होती. शिशाचे छर्रे त्या वर्षी बंद झाले होते. नुसत्या कायद्याला हालवरने भीक घातली नसती, पण त्याच्या कितीतरी आधी ओड्रुनने त्याच्याकडून शब्द घेतला होता. तिला एकदा ओढ्याकाठी सोनेरी गरुड सापडला होता. त्याला मान उचलता येत नव्हती. तिने तो गोठ्यात ठेवला, हाताने भरवला, आणि शेवटी तो तिच्या मांडीवर मेला. पोटात शिसं निघालं. छर्रा लागून निसटलेलं कुणाचं तरी तितर त्याने खाल्लं असणार. यापुढे शिसं नाही, असं तिने बजावलं आणि हालवरने मान डोलावली होती.

गावातल्या दुकानदाराने, स्तेनने, त्याची बंदूक तपासली आणि पोलादी छर्रे चालतील म्हणून सांगितलं. पण पोलाद शिशापेक्षा हलकं, त्याचा जोर लवकर ओसरतो. नंबर जितका लहान तितका छर्रा जाड, तेव्हा नेहमीच्या सहाऐवजी चार नंबरचा घे, आणि पक्षी अगदी जवळ असेल तरच मार, असंही सांगितलं. हालवरला शहाणपण शिकवायला गेलेला माणूस नेहमी हात हलवत परत यायचा.

"अरे, तू चड्डीत होतास तेव्हापासून मी सहा नंबर मारतोय," तो म्हणाला. "सहाच दे."

"घे बाबा. तितरांना निरोप धाडतो, म्हातारा येतोय, जवळून उडा म्हणून."

पठारावर म्हाताऱ्याची चांगलीच जिरली. त्याची कुत्री पीला झुडपापाशी एक पाय उचलून थिजायची, तितर फडफडत उठायचं, हालवर सवयीच्या लांब अंतरावरून बार काढायचा. दोनचार पिसं हवेत तरंगायची आणि पक्षी आपला पुढे. दुसऱ्या दिवशीही तेच. चूक आपली आहे हे त्याला कळत होतं. पण दुकानात परत जाऊन चार नंबर मागायचा म्हणजे स्तेनचं हसू सोसायचं, आणि ते त्याच्याने होईना. घरी ओड्रुन उशीला टेकून विचारायची, "मिळालं का?" तिचा आवाज रोज बारीक होत चालला होता.

पुढच्या सकाळी हालवरने गोठ्यातल्या फळीमागे उरलेली शिशाची काडतुसं काढली.

पहिल्या तितरावर बार घाईत गेला. एक पाय लोंबत ते खिंडीपलीकडे तरंगत गेलं. जखमी पक्षी शोधल्याशिवाय पुढचा बार काढायचा नाही, हे त्याला बापाने शिकवलं होतं. पण तेवढ्यात समोरूनच दुसरं उठलं, आणि ते दगडासारखं खाली आलं. धुकं उतरत होतं. ओड्रुन वाट बघत होती. खिंडीकडे धावलेल्या पीलाला त्याने शीळ घालून परत बोलावलं.

त्याने तितर साईच्या रश्श्यात शिजवलं आणि अंथरुणातच तिला ताट दिलं. ज्याच्या दाताखाली छर्रा येईल त्याने तो ताटाच्या कडेला ठेवायचा आणि त्या दिवशी भांडी घासायची नाहीत, असा त्यांच्या घरचा नियम होता. ओड्रुन चावता चावता थांबली, हसली, बोटाने छर्रा काढून तिने कडेला टाकला. तो वाजला नाही. तिने परत उचलला. त्यावर तिच्या दाताची खूण उमटली होती.

"हालवर, हा मऊ आहे."

तो मान खाली घालून बसला. तिने छर्रा पुन्हा कडेला ठेवला.

"दुसरं कुठलं निसटलं नाही ना?"

"नाही," हालवर म्हणाला. "एकच बार काढला."

"मग असू दे." तिने उरलेला घास, घशाला कष्ट देत, खाऊन संपवला. "भांडी तुझ्याकडे."

ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला हौदाशी उभं राहून वाटलं.

उजाडताच तो पीलाला घेऊन खिंडीपलीकडे गेला. एका सपाट खडकावर पिसांचं कडं पडलं होतं आणि मधे नुसता एक पाय. वर, खूप उंचावर, गरुड गोल फिरत होता.

तो परतला तेव्हा ओड्रुन जागी होती. तिने विचारलं, "गरुड दिसला का रे?"

"दिसला," तो म्हणाला. "छान उडत होता."

तिला किती बरं वाटलं ते तिच्या तोंडावर दिसलं.

बर्फ पडायच्या आत ओड्रुन गेली. हालवर रोज ओढ्याकाठाने जातो, प्रत्येक झुडपाखाली वाकून बघतो, आणि काही सापडू नये अशी प्रार्थना करतो.